पट्टीवर न लिहिलेल्या गोष्टी

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या दहा गोण्या कांदा गेला. वजन ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या नावावर उरले २ रुपये ४९ पैसे. वरचे पैसे सोडून २ रुपयांचा धनादेश निघाला, आणि तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. शेतकरी म्हणाले, ही लूट आहे. व्यापारी म्हणाले, माल हलका होता. काही काळ वाद झाला आणि मग विषय मिटला.

त्या पट्टीवरचे आकडे पाहणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पाहिली नाही. माल हलका होता की नव्हता, हे तिच्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. बाजारातल्या पट्टीवर नाव असते, नग असतात, वजन, दर, वजावट आणि निव्वळ रक्कम असते. मालाची प्रत नसते. बोलीला किती खरेदीदार उभे होते, ते नसते. पैसे नक्की कोणत्या दिवशी खात्यात पडणार, तेही नसते. म्हणजे भांडण ज्या तीन गोष्टींवरून होते, नेमक्या त्याच तीन गोष्टी कागदावर येत नाहीत. मग शेतकऱ्याला वाटते आपण फसलो, व्यापाऱ्याला वाटते आपल्यावर उगाच आळ आला, आणि दोघांपैकी कुणालाच आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही.

शेतकरी आणि व्यापारी यांच्यातल्या अविश्वासावर आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा स्वभावाच्या भाषेत. व्यापारी लबाड, शेतकरी भोळा. किंवा उलट, व्यापारी जोखीम घेणारा आणि शेतकरी कृतघ्न. मग उपाय सुचवले जातात तेही तसेच: मधले दलाल हटवा, नाहीतर परस्परांत सलोखा वाढवा. दोन्ही व्यर्थ. दोन एकरांचा कांदा घेऊन कुणी कोलकाता किंवा गुवाहाटी गाठू शकत नाही. वीस-पंचवीस क्विंटलच्या ट्रॉल्या गोळा करून, निवडून, गोणीत भरून पंचवीस टनांची गाडी परमुलखात रवाना करणे हे खरे काम आहे, आणि त्याचे पैसे पडणारच. सलोख्याचे म्हणाल, तर ज्याची खात्री करून घेता येत नाही त्यावर विश्वास ठेवायला सांगणे म्हणजे दुबळ्या बाजूला गप्प बसायला सांगणे. विश्वास हवा असेल तर आधी तपासणी सोपी आणि स्वस्त झाली पाहिजे. पुढचे सगळे म्हणणे एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कांदा बाजाराची रीत बघा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, उमराणे इथे ट्रॅक्टर-ट्रॉली रांगेत लागतात. बाजार समितीचा माणूस लिलाव पुकारतो, व्यापारी ट्रॉलीच्या कडेला येऊन वरचा थर चाळवतात, दोन-चार कांदे दाबून बघतात. मिनिटभरात बोली संपते आणि भाव लिहिलेली चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते. ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली मोजली जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवण्याच्या जागेवर) जाऊन रिकामी होते, परत रिकामी मोजली जाते आणि मग हिशेबाची पट्टी होते. वरवर पाहता रीत चोख आहे. लिलाव उघडा आहे, काटा आहे, चिठ्ठी आहे.

मेख आहे ती खळ्यावर. ट्रॉली उलटली की खालचा माल दिसतो. गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघाली, कोंब आलेला, काजळी धरलेला किंवा डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा निघाला, की व्यापारी ‘वांधा’ काढतो. वांधा म्हणजे ठरलेल्या भावातून क्विंटलमागे शे-दोनशे कमी करण्याची मागणी. कधी ती रास्त असते. कधी बोलीत जास्त बोलून गेलेला आकडा मागे घेण्याची ती सोय असते. शेतकऱ्यापुढे तेव्हा पर्याय काय? अर्धी ट्रॉली जमिनीवर, ट्रॅक्टर भाड्याचा, लिलावाचे सत्र संपलेले. माल पुन्हा भरून परत न्यायचा तर मजुरी आणि भाडे अंगावर. बाजार समितीची वांधा समिती असते, तिच्याकडे जाताही येते, पण ती येईपर्यंत कांदा इकडून तिकडे हललेला असतो. शेवटी पन्नास रुपये कमी-जास्त करून शेतकरी मान हलवतो आणि गावी जाऊन सांगतो की बाजारात लुटले.

इथे चुकते ते कुणाचे चारित्र्य नव्हे, चुकतो तो क्रम. जो मागे फिरू शकत नाही त्याच्यावर तोटा ढकलला जातो, हा बाजाराचा नियम आहे. लिलावाच्या आधी शेतकरी मागे फिरू शकतो. माल उतरल्यावर फिरू शकत नाही. म्हणून प्रतीचा वाद माल उतरण्याआधी मिटला पाहिजे आणि उतरल्यानंतरचा वांधा मुळातच अग्राह्य ठरला पाहिजे. व्यापारी यावर लगेच विचारतील, मग खाली लपवलेल्या मालाचे काय? प्रश्न बरोबर आहे. वर निवडक गोळा (मोठा) कांदा आणि तळाला खाद (खराब माल), हा प्रकार शेतकरी करतात. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये वरचे दोन थर लालचुटूक आणि खाली हिरवे-डागी, भाजीच्या जुडीत आतून पिवळी पाने, हेही चालते. शेतकऱ्याच्या बाजूने लिहिणारे ही बाब टाळतात. पण तिचा फटका व्यापाऱ्याला कमी आणि प्रामाणिक शेतकऱ्याला जास्त बसतो. तळात काय आहे हे कळत नसेल तर व्यापारी सगळ्यांच्याच ट्रॉलीला तळ खराब धरून भाव बोलतो. ज्याने घरी बसून नीट निवड केली त्याची निवडणावळ वाया जाते, आणि पुढच्या खेपेला तोही निवडत नाही.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. बोलीच्या आधी ट्रॉलीतून तीन ठिकाणांहून, वरून, मधून आणि फळी थोडी उघडून तळातून, मिळून २० किलोचा एक कॅरेट काढायचा. ५५ आणि ४५ मिलिमीटरच्या दोन जाळ्यांवरून तो चाळायचा. समजा १४ किलो गोळा निघाला, ४ किलो गोल्टा (मध्यम), दीड किलो गोल्टी आणि अर्धा किलो खाद. म्हणजे ७०, २०, साडेसात आणि अडीच टक्के. हे चार आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि त्यावर बोली लावायची. दोन माणसांना एका ट्रॉलीला सात-आठ मिनिटे लागतील. हंगामात दिवसाला शेकडो वाहने येतात तिथे प्रत्येक ट्रॉली तपासणे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून शेतकऱ्याने आपली प्रत स्वतःच जाहीर करायची आणि दहातली एक ट्रॉली सोडतीने निवडून तपासायची. जाहीर केलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक फरक निघाला तर त्या शेतकऱ्याची ट्रॉली पुढच्या पाच खेपा तपासूनच लिलावात जाईल. दंड नको. दंडाने भांडण वाढते. रांगेत थांबावे लागणे हाच पुरेसा धाक आहे. व्यापाऱ्याच्या बाजूनेही तोच न्याय: चिठ्ठीवर प्रत लिहिली आहे, तेव्हा खळ्यावर वांधा नाही.

आकारापेक्षा अवघड प्रश्न ओलाव्याचा आणि टिकाऊपणाचा आहे. खरिपाचा लाल कांदा ओला असतो, तो चार-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत (हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये) महिनोन्‌महिने राहतो. पण काढल्यावर शेतात पातीसकट नीट वाळवला नसेल, मान जाड राहिली असेल, तर तोही वाटेत सडतो. तो दोष जाळीवर दिसत नाही. यासाठी काढणीची तारीख आणि चाळीत किती दिवस होता, एवढे दोन रकाने पट्टीवर आले तरी पुरेसे आहेत. खोटे लिहिणारे लिहितील, पण ज्याच्या मालाची तक्रार दोनदा आली त्याचे नाव तारखेसकट सापडेल. आज ते सापडत नाही, कारण खळ्यावर दहा जणांचा माल एकत्र झालेला असतो.

वजनाबद्दल फार लिहायला नको. भुईकाट्याने बरेच प्रश्न सोडवले आहेत. राहिला आहे तो कडता, म्हणजे वजनातून केली जाणारी कपात. वीस किलोच्या कॅरेटमागे एक किलो ‘सूट’ धरली की ती सरळ पाच टक्के होते. पंचवीस कॅरेट टोमॅटो घालणाऱ्याचे त्यात पंचवीस किलो जातात. घट खरी असेल तर ती दरात धरावी. वजनात धरलेली घट कुणाला दिसत नाही आणि पुढे तिची परंपरा होते.

पैशाकडे येऊ. शेतमाल विकल्यावर चोवीस तासांत पैसे द्यावेत, असा दंडक महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत आहे. नोटाबंदीपर्यंत कांदा बाजारात रोखीचा व्यवहार मोठा होता. नोव्हेंबर २०१६ नंतर धनादेश आले, ते पुढच्या तारखेचे झाले, आणि नाशिक जिल्ह्यात ते न वटल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. इथे व्यापाऱ्याची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. त्याचा दिल्लीचा किंवा पाटण्याचा गिऱ्हाईक त्याला रोख देत नाही. गाडी पोचली, माल विकला, मग पंधरा-वीस दिवसांनी पैसे, आणि त्यातही ‘माल दागी निघाला’ म्हणून कपात. चोवीस तासांत शेतकऱ्याला पैसे देणे म्हणजे त्या पंधरा दिवसांचे भांडवल पदरचे घालणे.

आता आकडा मांडून बघू. एखादा मध्यम व्यापारी रोज २० ट्रॉल्या घेतो, ट्रॉलीत २५ क्विंटल, भाव १,५०० रुपये. दिवसाची खरेदी साडेसात लाखांची. पैसे दहा दिवसांनी दिले तर कुठल्याही क्षणी शेतकऱ्यांचे ७५ लाख रुपये त्याच्याकडे बिनव्याजी फिरत असतात. बँकेने एवढी रक्कम द्यायला तारण मागितले असते. शेतकऱ्याने काहीच मागितले नाही. परवाना घेताना दिलेली हमी या रकमेच्या जवळपासही नसते. व्यापारी बुडाला की शंभर-दोनशे कुटुंबांचा हंगाम त्याच्याबरोबर बुडतो, आणि बुडण्यासाठी तो लबाड असण्याचीही गरज नसते. दोन गाड्या वाटेत अडकल्या तरी पुरते.

म्हणून उपाय नैतिक नको, गणिती हवा. ज्याची बँक हमी जितकी, तितकीच त्याची न चुकवलेली खरेदी. हमी दहा लाखांची असेल आणि नऊ लाखांची देणी बाकी असतील, तर त्या दिवशी तो आणखी एकच लाखाची बोली लावू शकेल. लिलावाच्या नोंदी आता संगणकावर होतात, त्यामुळे ही मर्यादा रोज सकाळी फलकावर लावणे अवघड नाही. व्यापारी तक्रार करतील की बोली लावणारे कमी होतील आणि भाव पडतील. सुरुवातीला पडतीलही थोडे. पण ज्या भावाचे पैसे येणारच नाहीत तो भाव चढा असून उपयोग काय? ज्यांच्याकडे भांडवल कमी आणि सचोटी जास्त आहे अशा लहान व्यापाऱ्यांसाठी बाजार समितीने शुल्कातून हमी निधी उभारावा, आणि हमीचे पैसे त्यांच्याकडून हप्त्याने घ्यावेत. बाजार शुल्क शेकडा रुपयापर्यंत घेतले जाते. ते आवारात काँक्रीट ओतण्यापेक्षा इथे लागले तर बरे.

कोकणात हेच चित्र आरशात बघितल्यासारखे उलटे होते. नाशकात शेतकरी व्यापाऱ्याचा सावकार आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाशीचा व्यापारी बागायतदाराचा. हंगामाआधी फवारणीला, राखणीला, खोक्यांना उचल मिळते. मग फेब्रुवारीपासून पेट्या त्याच गाळ्यावर जातात. दुसरीकडे पाठवायची सोय नसते, कारण उचल फिटायची असते. भाव किती मिळाला ते पट्टीवरून कळते, आणि तिथे सौदा कसा होतो? हापूसच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगण्याची जुनी पद्धत अजून पुरती गेलेली नाही. बाजार नियमनाचा हेतूच मुळी हा आडपडदा काढण्याचा होता. वऱ्हाडात कारंजाला १८८६ मध्ये कापसाचा नियमित बाजार बसला तो विलायतेतल्या गिरण्यांना स्वच्छ माल आणि खरे माप हवे होते म्हणून. शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. खरेदीदाराला गरज पडली की पारदर्शकता लगेच येते, ही त्यातली गंमत.

हापूसची उचल वाईट आहे असे नव्हे. बँक जिथे पोचत नाही तिथे व्यापारी पोचतो. वाईट आहे ते उचल आणि विक्री एकाच कागदात बांधणे. व्याज वेगळे दाखवावे, विक्री उघड्या बोलीने व्हावी आणि बागायतदाराला एक तृतीयांश पेट्या हव्या तिथे विकण्याची मुभा करारातच असावी. त्या एक तृतीयांश पेट्यांना बाहेर काय भाव मिळाला, ते बघूनच उरलेल्या दोन तृतीयांशांची पट्टी खरी की खोटी ते कळेल. याहून स्वस्त लेखापरीक्षण नाही.

बाजार आवाराबाहेरचा व्यवहार आणखी निसरडा आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. निर्णय योग्य होता. पण बांधावर येणाऱ्या खरेदीदाराला आता परवाना लागत नाही, म्हणजे त्याची कुठे नोंदही नाही. द्राक्षपट्ट्यात याचा अनुभव दर हंगामाला येतो. परप्रांतातून किंवा शेजारच्या तालुक्यातून खरेदीदार येतो, भाड्याने शेड घेतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख, दुसरीचे दोन दिवसांनी, तिसरी-चौथी उधारीवर, आणि मग मोबाइल बंद. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा तक्रारी एकत्र घेऊन मोहीम चालवली आणि अनेकांचे अडकलेले पैसे मिळवून दिले. मोहीम चांगलीच होती. पण दिवाणी उधारी वसूल करायला पोलीस महानिरीक्षक लागावा, यातच व्यवस्थेची पोकळी दिसते.

बागायतदार म्हणतात, सौदा पावती आहे ना! पावती असते, पण तिच्यावर भाव आणि इसार याखेरीज फारसे काही नसते. द्राक्षाच्या सौद्यात भांडण होते ते भावावरून क्वचित. ‘सरसकट’ की ‘निवडून’ यावरून होते. व्यापाऱ्याचे मजूर पहिल्या तोडीला मोठ्या मण्यांचे, पिवळसर रंगाचे घड काढून नेतात आणि उरलेला निम्मा माल वेलीवर ठेवून ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणतात. तेवढ्यात भाव उतरतो किंवा अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात, आणि उरलेली बाग बेदाण्याला जाते. ठरलेल्या भावाने विकलेली बाग प्रत्यक्षात निम्मीच विकली गेलेली असते. काही वेळा साखर १६ ब्रिक्सला (रसातल्या गोडीचे माप) आलेली असतानाही व्यापारी ‘१८ येऊ द्या’ म्हणत काढणी लांबवतो. साखर वाढते हे खरे, पण घडाची जोखीम त्या दहा दिवसांत बागायतदाराच्या डोक्यावर असते. म्हणून पावतीवर काही ओळी हव्याच: माल सरसकट की निवडून, साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन कोणत्या तारखेला किती, काढणीचा शेवटचा दिवस कोणता, त्यानंतर पावसाचे नुकसान कुणाचे, रिकाम्या कॅरेटचे वजन किती धरायचे, मजुरी कुणाची. आणि सर्वांत कळीची ओळ: एका वेळी एकाच गाडीचे पैसे बाकी राहतील, आधीच्या गाडीचे जमा झाल्याशिवाय दुसरी भरणार नाही. एकरी आठ-दहा टनांची बाग चार-पाच गाड्यांत रिकामी होते. एका गाडीचे बुडाले तर माणूस वाचतो, चार गाड्यांचे बुडाले तर नाही.

ओळख नसतानाही विश्वास कसा उभा राहतो, हे याच द्राक्षाने दाखवून दिले आहे. युरोपातल्या दुकानदाराला दिंडोरीचा बागायतदार माहीत नाही. तरी माल जातो, कारण अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदवहीत बागेची नोंद असते, फवारलेल्या रसायनांच्या उर्वरित अंशांच्या तपासणीसाठी नमुना बागेतून घेतला जातो, आणि पेटीवरून मागे बागेपर्यंत जाता येते. ही साखळीही एकदा तुटली होती. २०१० च्या हंगामात द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. शेंडा वाढू नये म्हणून ते सर्रास वापरले जायचे, आणि आपल्या प्रयोगशाळांच्या तपासणी यादीत ते नव्हते. निर्यातदार बागायतदाराकडे बोट दाखवू लागले, बागायतदार निर्यातदाराकडे. मग ते रसायन यादीत आले आणि तपासणी होऊ लागली, तेव्हा वाद शमला. ‘एकमेकांना समजून घ्या’ असे कुणी सांगितल्याने तो शमला नाही.

फळे-भाज्यांच्या करार शेतीचा प्रयोग फसतो त्याचेही कारण पट्टीशीच येऊन भिडते. करारात ठोक भाव ठरतो. बाजार कोसळला की खरेदीदाराला अचानक मालात दोष दिसू लागतात, बाजार चढला की शेतकऱ्याचे कॅरेट रात्रीतून दुसऱ्या गाडीत चढतात. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटो रस्त्याकडेला ओतले जात होते, आणि त्याच जुलैत नारायणगावला वीस किलोच्या कॅरेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. अशा पिकात ठोक भावाचा करार पाळेल तो वेडा ठरेल. भाव न ठरवता भावाचे सूत्र ठरवावे: नारायणगाव किंवा पिंपळगावचा त्या दिवसाचा सर्वसाधारण भाव, त्यातून भाडे-हमाली वजा, त्यात प्रतीचा बोनस जमा, आणि खाली एक तळभाव. बाजार १६ रुपये, भाडे-हमाली २, बोनस १, तर शेतकऱ्याला १५. बाजार ४ वर गेला तर तळभाव ८. हा तळभाव फुकट मिळणार नाही. बाजार चढा असेल तेव्हा दर किलोमागे एक रुपया समाईक खात्यात बाजूला पडला पाहिजे, नाहीतर खरेदीदार पहिल्याच मंदीत पाय काढेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

या सूत्रात ‘सर्वसाधारण’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. बाजारभावाच्या बातम्यांनी बराच घोटाळा करून ठेवला आहे. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते. बातमीत येतो तो कमाल. एका ट्रॉलीला पाच हजार मिळाले की ‘कांदा पाच हजारांवर’ असा मथळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण तोच भाव मागत रांगेत उभा राहतो. मुहूर्ताच्या सौद्यांचे तर बोलायलाच नको. नारळ फोडून केलेल्या पहिल्या बोलीचा भाव हा हौसेचा असतो. त्यावरून व्यापाऱ्याने आपल्याला नाडले असा हिशेब करणे म्हणजे लग्नातल्या जेवणावरून घरखर्च मांडणे.

आता सरकारकडे. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटीने. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले आणि एप्रिल २०२५ ला ते संपले. सुमारे वीस महिन्यांत एवढ्या वेळा नियम बदलले. निर्बंध आले तेव्हा आदल्या दिवशी झालेले सौदे अडचणीत आले, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. शुल्क दिल्लीत लागले आणि भांडण लासलगावात झाले. अधिसूचनेत ‘आधी झालेल्या नोंदणीकृत सौद्यांना पंधरा दिवस जुना नियम’ एवढे वाक्य असते, तर निम्मे नुकसान टळले असते.

तरीही व्यापाऱ्यांच्या बंदला सूट देता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातले लिलाव सुमारे दोन आठवडे ठप्प होते. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईची लेव्ही (माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम) कुणी भरायची, यावरून पुन्हा कुलपे लागली. त्या वादात व्यापाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. भुईकाट्यावर माल मोजला जातो तिथे तोलाई कशाची, हा प्रश्न बरोबर होता. हमालांचा हक्कही १९६९ च्या माथाडी कायद्याने दिलेला आहे. पण ज्याचा त्या वादाशी संबंध नव्हता त्याचा कांदा चाळीत कोंब धरत बसला. बाजार बंद ठेवायचा तर सात दिवसांची आगाऊ सूचना आणि त्या काळात बाहेरच्या खरेदीदाराला आवारात बोली लावण्याची मुभा, हे समितीने नियमातच घालावे. मग बंदची धमकी आपोआप बोथट होईल.

शेतकरी उत्पादक कंपन्या हा यावरचा रामबाण उपाय आहे, असे हल्ली प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचे उदाहरण सगळे देतात, आणि ते देण्यासारखे आहेच. पण तिथे काय आहे ते नीट बघावे. पॅकहाऊस आहे, शीतगृह आहे, आणि प्रत्येक बागेच्या मालाची प्रत वेगळी मोजून त्यानुसार पैसे देण्याची शिस्त आहे. नुसती कंपनी नोंदवून शेअर गोळा केलेल्या बऱ्याच गटांत ही शिस्त नसते. सगळ्यांचा माल एकत्र, सगळ्यांना एकच भाव. वर्षभरात चांगला माल करणारे सभासद बाहेर पडतात आणि उरलेल्यांचा माल घेऊन कंपनी त्याच बाजारात, त्याच व्यापाऱ्यापुढे, त्याच रांगेत उभी राहते.

सुरुवात एखाद्या मध्यम बाजार समितीने एका पिकावर, एका हंगामात करावी. लाल कांद्यात नको. ओल्या मालाचे वाद जास्त आणि घाईही जास्त. उन्हाळ कांदा घ्यावा. एप्रिलपासून आवक असते, माल कोरडा असतो आणि शेतकऱ्याला चाळीत थांबायची सोय असते, त्यामुळे तो नाही म्हणू शकतो. साहित्य थोडे आहे: दोन मापांच्या जाळ्यांचे चार संच, चार इलेक्ट्रॉनिक काटे, समितीच्या पगारावरची आठ माणसे आणि हमीची बाकी दाखवणारा एक फलक. पट्टीच्या कागदात प्रत, काढणीची तारीख, चाळीतले दिवस, बोली लावणाऱ्यांची संख्या आणि पैसे जमा होण्याचा दिवस, असे पाच रकाने वाढवावेत. पट्टी तीन प्रतींत निघावी. तिसरी प्रत समितीच्या दप्तरात राहील, आणि पुढच्या वर्षी वांधा समितीपुढे दोघे भांडत आले तर तीच टेबलावर काढता येईल.